सगळ्याला एकच उत्तर

सुचित्रा पुण्याची, समाजकार्यात एमए केलेली, आणि आकड्यांवर तिचा भारी विश्वास. एकटा माणूस भिडेपोटी खोटं बोलेल, पण हजारांची सरासरी खोटं बोलणार नाही, असं ती नवऱ्यालाही जेवताना ऐकवायची. दुबईतल्या एका कन्सल्टन्सीने तिला काम दिलं ते ह्याच बळावर. जबल अलीच्या एका लेबर कॅम्पमध्ये कामगारांचं मन कसं आहे, त्याचा सर्व्हे. प्रश्न वाचायचा, एक ते पाच आकडा घ्यायचा. एक म्हणजे फार वाईट, पाच म्हणजे झकास.

मेसमध्ये बसून ती प्रत्येकाला आधी सांगायची, "दादा, खरं सांगा हं. ज्याचा आकडा फार खाली, त्याला कौन्सेलरचा फोन येईल. मराठीतच बोलेल. कंपनीला नाव कळणार नाही."

बहुतेकजण चार सांगून मोकळे होत. कॅम्प बॉस दारातच उभा, कोण कशाला वाईट बोलेल! राजापूरकडचा नागेश मात्र, झोप कशी लागते विचारताच म्हणाला, "एक." जेवण? "एक." घरच्यांशी बोलणं? "एक." पुढे तर प्रश्न संपायचीही वाट बघेना. उठताना त्याने विचारलं, "ताई, फोन कधी येईल?"

"येईल हो, आठवड्याभरात," ती म्हणाली.

ऑफिसात डेटा साफ करताना नागेशची ओळ लाल झाली. नियमच तसा. सगळ्याला एकच उत्तर देणारा माणूस प्रश्न ऐकतच नसतो, म्हणून तो धरायचा नाही. सुचित्राने टीम लीडर शैलेंद्रला बोलावलं. "अरे, हा माझ्यासमोर बसला होता. टाइमपास करत नव्हता."

"ह्याला ठेवलंस तर सगळ्याला पाच देणारेही ठेवावे लागतील. मेथड तुझीच आहे ना? यल्ला, चल आता, रिपोर्ट आज जायचाय."

मेथड तिचीच होती. तिने ओळ काढून टाकली. फोनची यादी उरलेल्या डेटातूनच निघाली. आपणच नागेशला एक फोन लावावा असं मनात आलं होतं, नाही असं नाही. पण मग तटस्थपणा कुठे राहिला, म्हणून ती गप्प बसली. जळला मेला तो तटस्थपणा!

रिपोर्टचं कौतुक झालं. महिन्याभराने ती कॅम्पवर गेली, तेव्हा मेसमध्ये नागेशच्या खोलीतला गणू भेटला. तिने नागेशची चौकशी केली.

"गेला, ताई. जीव दिला त्याने. बॉडी गावी पोचली."

सुचित्रा बाकावर बसली.

"सर्व्हे झाला त्या दिवशी खूश होता," गणू म्हणाला. "म्हणाला, मधेच एखादा तीन सांगितला आणि फोन हुकला तर? म्हणून सगळ्याला एकच सांगितला. आंघोळीला जाताना फोन माझ्याकडे द्यायचा. वाजला तर उचल, ताईंचा माणूस असेल. खरंच येणार होता का हो फोन?"

"नाही," सुचित्रा म्हणाली. "त्याचं उत्तर मीच काढून टाकलं."

गणू दारातल्या कॅम्प बॉसकडे बघत हळूच म्हणाला, "ताई, मी तेव्हा चार सांगितलेत. आता बदलता येतील?"