आधीच कातरलेला शर्ट

झिवोताने नव्याकोऱ्या पांढऱ्या शर्टाची कॉलर दोन बोटांत धरली आणि तिच्याखाली, बटणपट्टीला लागून, कात्रीने बारीकशी चीर दिली. शर्ट लांब धरून पाहिला. चीर दिसत नव्हती. मग त्याने तो उलटा करून पाठीवर, मानेच्या खाली, तशीच दुसरी चीर दिली.

"हे कशाला?" ओग्न्येनने विचारलं. तो नुसत्या बनियनवर शेगडीजवळ उभा होता.

"मागच्या महिन्यात पलीकडच्या तालुक्यात साहेबांनी ओढ ओढ ओढला, फाटेचना. कॅमेरा चालू. शेवटी बापच म्हणाला, थांबा साहेब, मी फाडतो." झिवोताने कात्री खिशात टाकली. "हा कसा टर्रकन फाटेल बघ. तू फक्त हसायचं."

मूल झालं की बापाचा शर्ट फाडायचा, ही इकडची जुनी रीत. मित्र, भाऊबंद, शेजारी, जो पहिला गाठेल तो कॉलर धरून खेचतो, राकियाचे, म्हणजे घरच्या फळांच्या दारूचे, पेले भरले जातात, आणि बाप त्या लक्तरांत दिवसभर गावात मिरवतो. त्यासाठी आजवर कुणाला कात्री लागली नव्हती. पण घराघरांत पोरं वाढावीत म्हणून सरकारने एक खातं काढलं, खात्याने एक मोहीम काढली, आणि खात्यातल्या कुणा दीडशहाण्याला ही रीत आठवली. त्यामुळे आज बेलग्रेडहून साहेब येणार होते आणि सुव्हा लीपा गावात यंदा जन्मलेल्या पहिल्या मुलाच्या बापाचा शर्ट स्वहस्ते फाडणार होते. फेब्रुवारी निम्मा सरला होता तरी पहिलं मूल ते ओग्न्येनचंच. दुसरं कुणाच्या पोटात असल्याचंही ऐकिवात नव्हतं.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर ओग्न्येनची आई देसा अंगातला कोट न काढता बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. सुनेला येता येत नाही म्हटल्यावर ती आपणहून आली होती, आणि एकदा बसली ती उठेल अशी लक्षणं नव्हती.

"नवऱ्यामुलालासुद्धा एवढं कुणी नटवत नाही," ती म्हणाली. "बोकडाला मात्र नटवतात."

"देसाकाकू, आजचा दिवस जरा गप्प बसा," झिवोता म्हणाला. झिवोता म्हणजे नगराध्यक्षाचा उजवा हात आणि ओग्न्येनचा शाळासोबती. शाळेतही गुरुजींची छत्री धरायला हाच पुढे असायचा. छत्री बदलली, हात तोच.

काल संध्याकाळी तो ओग्न्येनच्या घरी येऊन बसला होता. बाळबाळंतीण समारंभाला हवीच, नाहीतर फोटोत काय दाखवायचं, असं त्याचं म्हणणं. चाळीस दिवस होईतो बाळंतिणीने उंबरठा ओलांडायचा नसतो हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच्या आईने त्याला काही झाडावरून तोडून आणलं नव्हतं. बराच वेळ विनवण्या करून शेवटी तो म्हणाला की बाळ नाही तर नाही, निदान दुपटं तरी द्या, आत काहीतरी गुंडाळू. ओग्न्येनची बायको स्लावित्सा तेव्हा पोरीला पाजत होती. तिने मान वर करून त्याच्याकडे असं काही पाहिलं की झिवोता स्वतःची टोपी तिथेच विसरून गेला. नवऱ्याला मात्र ती काही बोलली नाही. सकाळी तो निघताना तिने नुसतं विचारलं, "वाक्य पाठ झालं का?"

वाक्य एवढंच होतं: आमचं बाळ आमच्याच गावात, सरकारच्या देखरेखीखाली, सुखरूप जन्माला आलं.

हे वाक्य कॅमेऱ्यासमोर म्हटलं की ओग्न्येनला नोकरी होती. नगरपालिकेच्या बर्फ लोटायच्या गाडीला ड्रायव्हर नव्हता. आधीचा ड्रायव्हर हिवाळ्याच्या तोंडावर ऑस्ट्रियाला निघून गेला, आणि ती जागा नगराध्यक्षांनी कुणाच्या तरी उपयोगाला येईल म्हणून राखून ठेवली होती. ओग्न्येनचंही तिकडच्याच लिंझ शहराच्या बसचं तिकीट काढून झालं होतं, सोमवारचं. तिथे एका बांधकामावर त्याच्या मेव्हण्याने शब्द टाकला होता. गाडीवर काम मिळालं तर तो राहणार, नाहीतर पोरगी बापाला फोनच्या काचेत बघत मोठी होणार. गावातली निम्मी पोरं अशीच वाढत होती. ती फोनलाच 'बाबा' म्हणायची.

त्याने शर्ट चढवला. मानेखाली चिरेतून गार वारा लागत होता.

ज्या खोलीत हे सगळं चाललं होतं ती पूर्वी बाळंतपणाची खोली होती. ओग्न्येन इथेच जन्मला, झिवोताही. तीन वर्षांमागे वरून हुकूम आला की इथे पुरेशी बाळं जन्मत नाहीत, तेव्हा वॉर्ड बंद. खाटा गेल्या, सुईणबाईंची बदली झाली. मग त्याच वरून दुसरा हुकूम आला की बाळं कमी जन्मतात ही फार चिंतेची बाब आहे, तेव्हा सल्ला केंद्र उघडा. त्याच खोलीत टेबल आलं, पत्रकांचे गठ्ठे आले, दारावर चोचीत गाठोडं धरलेला करकोचा रंगवला गेला, आणि सल्लागार म्हणून नगराध्यक्षांची मेहुणी आली. तिला स्वतःला मूल नको होतं. त्यात तिचं काही चुकत होतं असं नाही, पण मग गावातल्या बायकांना ती काय कपाळ सल्ला देणार होती? गर्भार बाईला डॉक्टर बघायचा तर आता मेचका घाट ओलांडून पलीकडच्या शहरात जावं लागे.

बाहेर गाड्यांची दारं वाजली. बर्फ पडायला सुरुवात झाली होती. आधी नगराध्यक्ष आत आले, मग दार धरून उभे राहिले, मग साहेब आले. साहेब खात्याचे राज्यसचिव, गोरेगोमटे, गुळगुळीत दाढी केलेले. त्यांनी देसाचा हात दोन्ही हातांत घेऊन, आजी, तुमच्यासारख्या आयांच्या जोरावर हा देश उभा आहे, असं सांगितलं. देसा म्हणाली की तिला एकच मुलगा आहे आणि तोही सोमवारी चाललाय. साहेबांनी ते ऐकलं नाही. त्यांना ऐकू येत नव्हतं असं नाही, ते फक्त पुढच्या हाताकडे वळले होते.

त्यांच्यामागून कॅमेरावाला आला आणि माईक घेतलेली एक तरुण बाई. तिच्या कोटाची खालची बटणं लागत नव्हती. दिवस भरत आलेले दिसत होते.

"ही आमची नेवेना," साहेब सगळ्यांना म्हणाले. "बघा, आमच्या खात्यात नुसतं बोलत नाहीत, करून दाखवतात." नगराध्यक्ष खो खो हसले. झिवोता त्यांच्यापेक्षा जरा कमी हसला, मर्यादेने. नेवेना हसली नाही. तिने एक हात कमरेवर ठेवला होता आणि ती भिंतीला टेकायला जागा शोधत होती.

साहेब राकिया घेत होते तेवढ्यात ती ओग्न्येनच्या शर्टाला छोटा माईक लावायला आली. तिची बोटं थंडगार होती. जवळ आल्यावर ती हळूच म्हणाली, "वॉर्ड वरच्या मजल्यावर आहे ना? सकाळपासून पाठ धरलीय. या अवस्थेत मी येणारच नव्हते, पण तुमच्याकडे सगळी सोय आहे म्हणून यांनी फोनवर सांगितलं."

'यांनी' म्हणजे झिवोता. तो दोन पावलांवर उभा होता आणि त्याने ऐकलं होतं. "सगळं आहे, बाई, काही काळजी करू नका," तो म्हणाला आणि ओग्न्येनकडे डोळे वटारून पाहिलं. ओग्न्येनने मान खाली घातली आणि शर्टाचं वरचं बटण उगाच काढून पुन्हा लावलं.

देसाने ते पाहिलं. ती आईच होती.

मग भाषण झालं. रिकामा पाळणा म्हणजे रिकामा देश, असं काहीतरी. साहेबांनी बाह्या सरसावल्या, दोन्ही हातांनी ओग्न्येनची कॉलर धरली, कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि खेचलं. शर्ट अगदी टर्रकन फाटला, पुढूनही आणि मागूनही. टाळ्या पडल्या. एवढ्या सहज फाटल्याचं खुद्द साहेबांनाच कौतुक वाटलं. त्यांनी हातातल्या चिंधीकडे आणि मग आपल्या दंडाकडे पाहिलं.

नेवेनाने माईक पुढे केला. "अभिनंदन. बाळ कुठे जन्माला आलं?"

प्रश्न ठरलेला होता, उत्तरही. ओग्न्येनने तोंड उघडलं. समोर तिचा चेहरा होता, वरच्या ओठावर घामाचे थेंब, आणि ती खरोखरच उत्तराची वाट बघत होती. त्या खोलीत खरं उत्तर हवं असलेली ती एकटीच होती.

"घाटात," तो म्हणाला.

माईक तसाच पुढे होता.

"चुलतभावाच्या व्हॅनमध्ये. बर्फ लोटायला कुणी आलं नाही, गाडी अडकली. पलीकडच्या दवाखान्यातली नर्स फोनवर सांगत गेली, तसं मी करत गेलो. नाळ बांधायला काही नव्हतं, म्हणून अंगातला शर्ट फाडला." तो साहेबांकडे वळला. "माझा शर्ट फाडून झालाय, साहेब." मग पुन्हा तिच्याकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, वरच्या मजल्यावर झेरॉक्सचं मशीन आहे. वॉर्ड म्हणाल तर तो हाच होता. तुम्ही उभ्या आहात तिथे खाट होती."

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू जागचं हललं नाही. त्यांनी कॅमेरावाल्याला बोटाने खूण केली. "हे शेवटचं काढून टाका. परत घेऊ या." आणि झिवोताला विचारलं, "दुसरा शर्ट आहे?"

होता. झिवोताने कपाटातून काढून टेबलावर ठेवला. त्यालाही कॉलरखाली आणि पाठीवर चीर देऊन तयार ठेवलेली होती. कामात तो चोख, हे त्याच्या शत्रूनेही मान्य करावं.

ओग्न्येनने शर्टाला हात लावला नाही. झिवोता त्याच्या कानाशी येऊन म्हणाला, "गेली तुझी नोकरी. सोमवारची बस पकड, गाढवा."

"पकडतो," ओग्न्येन म्हणाला.

नेवेनाने माईक टेबलावर ठेवला. टेबलाची कड धरून ती वाकली आणि तशीच राहिली. खोलीतल्या सगळ्या पुरुषांनी एकदम कुठेतरी दुसरीकडे बघितलं. देशाची लोकसंख्या वाढवायला निघालेली ही माणसं, समोर बाईला कळ आली तर दारावरच्या करकोच्याकडे बघत होती. देसा मात्र उठली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

कळ ओसरल्यावर नेवेनाने मान वर केली. "घाट उघडा आहे का?"

"आत्ता आहे," ओग्न्येन म्हणाला. "असंच पडत राहिलं तर अंधारापर्यंत बंद होईल."

"मग बर्फ कोण काढतं?"

तिने हे नगराध्यक्षांना विचारलं. नगराध्यक्ष खोकले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी झिवोताकडे पाहिलं, आणि झिवोताला बघायला पुढे कुणी नव्हतं.

ओग्न्येनने खुंटीवरचा आपला कोट घेतला, लक्तरांवरच चढवला आणि झिवोतासमोर हात पसरला.

"चावी."

"तुला नोकरी नाही म्हणून सांगितलं ना?"

"नोकरी कोण मागतंय? चावी दे."

ज्या खिशात कात्री होती त्याच खिशातून झिवोताने चावी काढली. ओग्न्येन बाहेर पडला. थोड्या वेळाने मागच्या अंगणात ती जुनी गाडी खाकरली, बंद पडली, पुन्हा खाकरली आणि चालू झाली. साहेबांचा ड्रायव्हर काळ्या गाडीचं दार उघडून उभा होता. साहेब म्हणत होते की पुढचा कार्यक्रमही त्याच वाटेवर आहे, तेव्हा एक शेवटचा फोटो... नेवेना त्यांच्याजवळून सरळ पुढे गेली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

देसा टेबलापाशी थांबली. तिने तो दुसरा शर्ट उचलला, चिरा वर येतील अशी घडी घातली, बर्फातून गाडीपर्यंत गेली आणि तो नेवेनाच्या मांडीवर ठेवला.

"राहू दे जवळ, पोरी," ती म्हणाली. "कातरलेलाच आहे. पट्ट्या चटकन निघतील."