खालच्या शेताची माती

सुप्रिया मॅडमनी पिशवीची गाठ सोडली, वर्तमानपत्रावर माती ओतली आणि वाकून वास घेतला. मातीला अगरबत्तीचा वास येत होता.

"श्रेया, ही कुठली?"

"सणसरची, मॅडम. आमच्या शेतातली."

"शेतात कुठली?"

श्रेया ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तुळशीमागच्या वाफ्यातली. आबा म्हणाले, कॉलेजात जायची माती, चांगलीच दिली पाहिजे. चाळून दिली त्यांनी."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. वर्गातल्या बाकीच्या पिशव्याही अशाच नटूनथटून आल्या होत्या. काळीभोर, भुसभुशीत माती, खडा नाही की मूळ नाही.

बारामतीच्या त्या कॉलेजात बी.एस्सी.ची मुलं वर्षानुवर्षं उत्तर माहीत असलेलेच प्रयोग करत आली होती. उत्तर आधी लिहायचं आणि आकडे मागून त्याच्या मापाने शिवायचे, ही कला वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना फुकट शिकवत. मॅडमनी भांडभांडून यंदा अभ्यासक्रमात एक खरा प्रश्न घुसवला होता, ज्याचं उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हतं: कॅनॉलच्या पाण्यावर ऊस घेऊन घेऊन आपापल्या गावची जमीन किती खारावली? मुलांनी माती आणली, तपासली. अख्ख्या इंदापूर तालुक्यात मीठ औषधालाही सापडलं नाही.

"सगळ्यांचे निकाल जुळले. अभिनंदन!" विभागप्रमुख म्हणाले. ते मनापासून म्हणाले, हे मॅडमना जास्त लागलं.

शनिवारी त्यांनी श्रेयाला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट सणसर गाठलं. श्रेयाचे वडील, जोतीराम आबा, धुतलेली टोपी घालून दारात उभेच होते. त्यांनी चहा पाजला, ऊस दाखवला, आणि पुन्हा तोच वाफा दाखवला.

"आबा, मला खालचं शेत बघायचंय. कॅनॉलकडचं."

"तितं काय न्हाय."

"ऊस गुडघ्याएवढा दिसतोय."

"लागण उशिराची हाय."

"आणि जमिनीवर पांढरं काय दिसतंय?"

"ऊन हाय, मॅडम, ते."

श्रेयाने हसू दाबलं. आबांनी तिच्याकडे डोळे वटारून खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"उद्या कळंबचे पावणे यायचेत हिला बघायला. पोराचा चुलतभाऊ तुमच्याच कॉलेजात शिकतोय. तुमी भितीवर निकालाचा तक्ता लावणार, जोतीरामचं रान मिठानं खाल्लं. मग?"

"नाव लिहीत नाही आम्ही. फक्त गाव आणि शेत कुठलं ते."

"कॅनॉलला लागून कुनाचं रान हाय, हे सांगायला सणसरात नाव कशाला लागतंय?"

मॅडमनी पर्स उचलली.

"राहू द्या. मुलीच्या लग्नाच्या आड नाही यायचं मला. पण हा वाफा मी शेत म्हणून लिहिणार नाही. माझ्या वहीत श्रेयाच्या नावापुढची जागा कोरी राहील."

"ऱ्हाऊ द्या की. मार्कं कापा."

"श्रेया, येते गं मी," म्हणत मॅडम वळल्या, तर श्रेया तिथे नव्हती.

ती खालून बांधावरून येत होती. एका हातात खुरपं, दुसऱ्या हातात भरलेली पिशवी. पाय घोट्यापर्यंत पांढरे झाले होते. पिशवीवर तिने पेनने मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव घातलं होतं.

"ठेव ती खाली," आबा म्हणाले.

श्रेयाने पिशवी मॅडमच्या स्कूटरवर ठेवली.

"आबा, उद्या पावण्यांनी रानाचं इचारलं तर हेच रान दाखवायचं. आन् त्यांच्याकडनंबी एक पिशवी मागायची. कळंबची माती आमच्या वर्गात एकबी आली न्हाय."

"नवऱ्याकडच्यांना माती मागती व्हय गं?"

"मागती की. जल्म मला काढायचाय तितं."

मॅडमनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. आबा खालच्या शेताकडे बघत राहिले. टोपी काढून त्यांनी डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली, नीट केली.

"मागू नगंस," ते शेवटी म्हणाले. "मागितली की ते निवडून चांगलीच देत्याल. पसंती झाली तर घर बघायला आपण जाणारच हाय. तवा खुरपं संगं घेऊ."