दुसऱ्या बाजूचं व्हायोलिन

"ह्यातही व्हायोलिन नाही," असं म्हणून चिंतामणनं कॅसेट काउंटरवर ठेवली.

बारामतीच्या स्टँडजवळ दादासोचं कॅसेटचं दुकान होतं. इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात टर्बाइन सांभाळणारा, पन्नाशीला टेकलेला हा गृहस्थ एकाच इंग्रजी कॅसेटसाठी त्याचं डोकं खात होता. आधी म्हणाला, पट्टी झिजली. मग टेपचं हेड स्पिरिटनं पुसून झालं, मग टेपच नवा घेतला. शेवटी दादासोनं पुण्याहून नवीकोरी कॅसेट मागवून दिली, तर आता तिच्यातही खोट. नाचता येईना अंगण वाकडं, हे अगदी ओठांवर आलं होतं, पण माणूस सालस म्हणून दादासोनं ते गिळलं आणि कॅसेट लावली. दुसरी बाजू, तिसरं गाणं. आवाज इतका मोठा केला की समोरचा रसवंतीवाला वळून बघायला लागला.

"आता येईल," चिंतामण म्हणाला.

दादासोनं टेप बंद केला आणि काउंटरवरून त्याच्याकडे वाकला.

"साहेब, ते येऊन गेलं. कॅसेट ठणठणीत हाय. तुमी एकदा कानाच्या डॉक्टरला दाखवा."

पुण्यात डिप्लोमा करताना खोलीतल्या सोबत्यानं चिंतामणला ही कंट्री रॉकची गाणी पहिल्यांदा ऐकवली. ट्रक, घोडे, संपता न संपणारे माळ. अर्धे शब्द त्याला कधीच कळले नाहीत. पण ह्या तिसऱ्या गाण्यातला माणूस घराकडे गाडी हाकतो आणि घर काही येत नाही. तिथं शब्द थांबतात आणि एकटं व्हायोलिन वाजत राहतं. चिंतामणला बोटीवर नोकरी करायची होती, जग बघायचं होतं. वडील गेले, बहिणींची लग्नं आली आणि तो कारखान्याच्या कॉलनीत आला तो कायमचाच. हे त्यानं कुणाला, अगदी बायकोला, सरोजिनीलासुद्धा, कधी सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही, कारण त्याच्या वाटचं ते व्हायोलिन बोलायचं.

डॉक्टरनं आडपडदा ठेवला नाही. बारीक आवाज आधी जातात, मग बाकीचे, आणि गेलेलं परत येत नाही. टर्बाइनचं दुखणं आधी कानाला कळतं, असं चिंतामण नव्या माणसांना शिकवायचा. कानात कापसाचे बोळे घालणाऱ्यांची तो भर पाळीत थट्टा करायचा. बोळे घाला म्हणून सरोजिनीनं हजारदा सांगितलं होतं. आता तिनं डॉक्टरची चिठ्ठी नीट घडी घालून पिशवीत ठेवली, आणि तेच त्याला जास्त लागलं.

त्यानं मुलीला, वैदेहीला बोलावलं. तिला ही रडकी गाणी मुळीच आवडत नसत.

"ढोलाची थाप येते मला अजून," तो म्हणाला. "तू फक्त व्हायोलिन आलं की बोट वर कर. पुढचं मला पाठ आहे."

मग दर सुट्टीला बापलेक टेपसमोर बसू लागले. तिचं बोट वर गेलं की चिंतामण डोळे मिटायचा. आपल्याला काहीतरी उरलंय, एवढं समाधान त्या बोटावर टिकून होतं.

थंडीतली एक दुपार. कारखान्याचा हंगाम जोरात होता. सरोजिनी उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. गाणं दुसऱ्या कडव्यात होतं आणि लाइट गेली. टेप बंद पडला. बाहेर उसाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरची धडधड घरात स्पष्ट ऐकू यायला लागली.

चिंतामण वैदेहीकडेच बघत होता. गाणं चालूच असल्यासारखी त्याच्या हाताची थाप टेबलावर संथपणे पडत होती, जराही न चुकता.

वैदेहीनं आईकडे पाहिलं. सरोजिनीचा हात सुपात तसाच राहिला होता. तिनं मान हलवली, सांगू नकोस म्हणून.

"आलं?" चिंतामणनं विचारलं.

वैदेहीनं बोट वर केलं.

त्यानं डोळे मिटले. त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. ते बोट खाली कधी घ्यायचं, हे वैदेहीला कळेना.