हंड्यातली हाक

यात्रेकरू केव्हाच पांगले होते. सत्तरी गाठलेली रेमेई गाडीतून एकटीच उतरली आणि थंडीला दोन शिव्या हासडत तडक संत गिलच्या चॅपेलात शिरली. त्या साधूने ज्यात मेंढपाळांना रांधून घातलं तो हंडा तिथेच होता, आणि त्यांना जेवायला हाकारायची घंटाही. मूल हवं असलेल्या बाईने हंड्यात डोकं घालायचं आणि दुसऱ्या कुणीतरी घंटा वाजवायची. जितकी मुलं हवीत तितके टोले.

राखणदार किर्झे मिशीतल्या मिशीत हसला. "काय मावशी, या वयात पाळणा हलवायचा बेत आहे की काय?"

"थट्टा पुरे. दोरी ओढ."

"किती टोले?"

"एक. नवी नकोय मला. याच हंड्याने दिलेली परत हवीय."

किर्झेने हसू आवरून दोरी धरली. रेमेई तरुणपणी इथे आली तेव्हा दोरी नवऱ्याच्या, जाउमेच्या हातात होती. तो दोन टोले देणार होता. "एकच!" ती आतून ओरडली होती. मुलगी झाली, रिवाजाप्रमाणे या खोऱ्याचंच नाव ठेवलं, नूरिया. पुढे पोरीने आपल्या मनाने संसार थाटला आणि रेमेईने तिच्या तोंडावर दार लावलं. जाउमे होता तोवर त्याच्याकडून तिची खबर कळायची. तो गेला, आणि फोन मुका झाला. आता रेमेईला घर खायला उठायचं.

तिने हंड्यात डोकं घातलं. टोला कानठळ्या बसवून गेला. मग न ठरवता तिच्या तोंडून निघालं, "नूरिया! ये ना गं!"

"आले! कोण बोलावतंय?"

रेमेईने घाईघाईने डोकं बाहेर काढलं. दारात एक अनोळखी तरुणी उभी होती. या डोंगरात दर तिसऱ्या घरात एक नूरिया असते, हे ती पार विसरली होती.

"तू नव्हेस, बाळ. दुसरी."

पोरगी ओशाळली. मग अडखळत म्हणाली, "माझ्यासाठी घंटा वाजवाल का? नवऱ्याला हे सगळं खुळचट वाटतं. एकटीच आलेय. एकच टोला."

तिने हंड्यात डोकं घातलं. किर्झेने दोरी रेमेईच्या हातात दिली. रेमेईने एक टोला दिला. थांबली. डोळे पुसले.

"एकावर भागत नाही गं पोरी," ती म्हणाली आणि तिने दोरी पुन्हा ओढली.