सागरवनचं भूमिपूजन

सागरवन टॉवर बासष्ट मजल्यांचा होता आणि अख्खाच्या अख्खा हिरवा होता, निदान कागदावर तरी. खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर फ्लॅट आणि गच्चीवर पवनचक्की. खाडीवरचा वारा ऐनवेळी कमी पडला तर पाहुण्यांपुढे शोभा नको, म्हणून पवनचक्की विजेच्या मोटरवर फिरणार होती. ही आयडिया बिल्डरची, म्हणजे धर्मराज शेठची. शेठचं पर्यावरणावर इतकं प्रेम की साइट ऑफिसातल्या प्लास्टिकच्या झाडांनाही ते रोज पाणी घालायला लावायचे.

तळमजला मात्र अफशाचा होता. जुईनगरच्या ऑफिसात प्रसाद सरांच्या हाताखाली चार वर्षं घासलेल्या या आर्किटेक्ट पोरीनं अख्खा टॉवर उंच खांबांवर उचलला होता. खाली सगळं मोकळं. भरतीचं पाणी यावं, जावं, आणि शेजारच्या तळवली गावातल्या बायकांची खाडीत उतरायची वाट तशीच राहावी.

शेठनी चित्र बघितलं. "खाली नुसती हवा? हवेत लग्नं लावू काय?"

पुढच्या आठवड्यात खांबांमधे भिंती आल्या, भिंतींमधे बँक्वेट हॉल आला आणि हमीपत्रात एक ओळ आली: 'सदर जागेत भरतीचे पाणी येत नाही.'

त्या ओळीखाली सही अफशाची हवी होती. कारण प्रसाद सर स्वतःचं लायसन्स रिन्यू करायलाच विसरले होते. मुदत संपली तेव्हा ते दुबईत 'हरित वास्तुरत्न' पुरस्कार घेत होते.

"मी नाही करणार सही," अफशा म्हणाली.

"भूमिपूजनाला स्टेजवर करायचीय," प्रसाद सर म्हणाले. " परवानगी खात्याचे साहेब फाइल घ्यायला येतायत. नाही केलीस तर सोमवारपासून येऊ नकोस."

"आणि सर, भूमिपूजन पौर्णिमेला ठेवलंय तुम्ही. भर दुपारी."

"मुहूर्त आहे तो. गुरुजींनी काढलाय."

"तेव्हाच उधाण असतं, सर."

"मग समुद्राला सांग, जरा लेट ये म्हणून!"

अफशाचे अब्बा श्रीवर्धनचे. पौर्णिमा-अमावस्या म्हटली की त्यांच्या घरात आधी पाण्याची वेळ निघायची, बाकी सगळं मागाहून. इथे सगळ्यांनी पंचांग बघितलं, राहुकाळ बघितला, शेठची रास बघितली. पाणी कोणीच बघितलं नाही.

पौर्णिमेला चिखलावर हिरवागार गालिचा पडला. त्यावर पांढऱ्या कव्हरांच्या दोनशे खुर्च्या, आणि मधोमध माणसापेक्षा उंच थर्माकोलचा टॉवर. बाजूला बांधावर ठकूबाय टोपली घेऊन उभी होती. याच चिखलात खुबे-शिंपले वेचण्यात तिचा जन्म गेलेला.

"या लोकांना सांगलंस का नाय गो?" तिनं अफशाला विचारलं.

"सांगितलं, मावशी. मुहूर्त आहे म्हणतात."

"मंग बरा हाय. पानी पन मुहूर्तावरच येतंय."

सव्वाबाराला गालिचा ओला झाला. शेठनी केटररला झापलं, की सरबत कोणी सांडलं. साडेबाराला खुर्च्या सरकायला लागल्या. पहिल्या रांगेतल्या शेठीणबाई भाविकाताई खूश झाल्या, "अय्या, फिरत्या आणल्यात वाटतं!" गुरुजींनी पळीपंचपात्र उचललं आणि चौरंगावर उभं राहून मंत्र चालू ठेवले. नारळ केव्हाच निघून गेला होता. कुदळ मारायची ती भूमीच कोणाला सापडेना.

मग टॉवर हलला. चारी बाजूंनी भिंती घालून बंद केलेला त्याचा तळमजला डब्यासारखा वर उचलला गेला, एक गिरकी घेतली, आणि बासष्टच्या बासष्ट मजले आडवे होऊन ऐरोलीच्या दिशेनं निघाले.

"पकडा रे! पकडा!" शेठ ओरडले.

"कितवा मजला पकडू, शेठ?" मांडववाल्यानं विचारलं.

पण शेठ ते शेठ. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांनी माइक धरला. "मंडळी, बघा! साक्षात समुद्रदेव आशीर्वाद द्यायला आलेत! टाळ्या!" लोकांनी खुर्च्यांवर चढून टाळ्या वाजवल्या. "आणि आता आपल्या मॅडम सही करतील!"

अफशा सलवार सावरत स्टेजवर चढली. स्टेजवरही घोटाभर पाणी होतं. तिनं हमीपत्र हातात घेतलं, माइक ओढला.

"आधी वाचून दाखवते. 'सदर जागेत भरतीचे पाणी येत नाही.'"

मागून कोणीतरी खिंकाळला. मग अख्खा मांडव हसला, आणि हसताना तिघं खुर्चीवरून पाण्यात पडले.

"शेठ, ही सही मी कुठे उभी राहून करू तेवढं सांगा."

अफशानं ती ओळ खोडली. वर ठळक लिहिलं: 'भरतीचे पाणी येते. आज पौर्णिमेस स्टेजच्या खाली गुडघाभर आहे. तळमजला मोकळाच ठेवावा, वाट बंद करू नये.' खाली झोकात सही ठोकली, तारीख टाकली, आणि कागद टेबलावर उकिडवं बसलेल्या खात्याच्या साहेबांपुढे धरला. साहेबांच्या हाताला तीस वर्षांची सवय. खाली सही दिसली की शिक्का. त्यांनी न वाचताच ठप्पकन मारला आणि नंबर घातला.

शेठनी कागदावर झडप घातली.

"ओ, फाडू नका!" साहेब किंचाळले. "नंबर पडलाय त्याला! नंबर पडलेला कागद फाटला तर माझी चौकशी लागेल." आणि त्यांनी कागद शर्टाच्या आत, बनियनला लावून दडपला.

प्रसाद सर दोन्ही हातांत बूट घेऊन आले. "सोमवारी येऊ नकोस तू."

"नाही येत," अफशा म्हणाली आणि साहेबांपुढे हात केला. "साहेब, पोच द्या."

"आत्ता? पाण्यात?"

"आत्ताच. ओहोटी लागली की हेच सगळे म्हणतील, पाणी आलंच नव्हतं."

साहेबांनी शेठकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि पोच लिहायला घेतली.

"वेळ पण घाला," अफशा म्हणाली. "बारा बावन्न."