लॉरीच्या बॅटरीवर विंडोज

फत्तेसिंगांनी तीस वर्षं बॅटऱ्यांना जीवदान दिलं, पण एक बॅटरी त्यांच्या हातून मेली, आणि ती नेमकी पोटच्या लेकीची निघाली.

हलसूरला जुन्या मद्रास रस्त्याच्या कडेला त्यांचं बॅटऱ्यांचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. लेक संयोगिता पंचविशीची. बोम्मसंद्र्याच्या कंपनीतली बरी नोकरी सोडून ती घरी बसून प्रोग्रॅम लिहायची, तेही कुणाचा तरी वापरून झालेला लॅपटॉप घेऊन. त्याची बॅटरी वीस मिनिटांत मान टाकते, असं ती मागच्या आठवड्यात जेवताना म्हणाली. फत्तेसिंगांच्या मते बॅटरीला दुसरा आजार असूच शकत नव्हता, पाणी आटलेलं असणार. दुपारी ती बाहेर गेल्यावर त्यांनी बॅटरी काढून पाणी घालायचं भोक शोधलं. ते सापडेना म्हणून स्क्रूड्रायव्हर घालून सरळ ती उकललीच. आत ना पाणी ना शिशाच्या पट्ट्या, नुसते सेल एकाला एक चिकटवून ठेवलेले. त्यांनी ते गपचूप मिटवून जागेवर ठेवलं, पण बॅटरी कायमची गेली. संयोगिता एका शब्दानं रागावली नाही. त्याचं त्यांना जास्त लागलं.

तेव्हापासून लॅपटॉप फक्त भिंतीतल्या विजेवर चाले. वीज गेली की त्याच क्षणी पडदा काळा.

आणि आज, शहाण्णव सालच्या एका गुरुवारी, तिला अकरा वाजता होसकोट्याच्या कारखान्यात आपला प्रोग्रॅम दाखवायचा होता. कारखान्याच्या छत्तीस लॉऱ्या होत्या. कुठली कुठं आहे, कधी परतणार, कुणाचं तेल बदलायला आलंय, हे सगळं तो प्रोग्रॅम सांगायचा. याआधी चार कारखान्यांनी तिला चहा पाजून वाटेला लावलं होतं. दरम्यान बँकेची परीक्षा ती पास झाली होती आणि सोमवारी रुजू व्हायचं पत्र आलं होतं. फत्तेसिंगांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की होसकोट्यानं नको म्हटलं तर सोमवारी गुमान बँकेत जायचं. खरं सांगायचं तर त्यांना मनातून बँकच हवी होती.

काल संध्याकाळी कारखान्याचे मॅनेजर हयवदन राव यांचा फोन आला. आमच्याकडे सगळीकडे नवं विंडोज ९५ बसवलंय, तुमचा प्रोग्रॅम त्यावर चालताना दाखवा, म्हणाले. लॅपटॉपवर अजून जुनंच विंडोज होतं. संयोगितानं रातोरात फोन फिरवले आणि सकाळी आठला एक मैत्रीण तेरा फ्लॉपींचा डबा दारात देऊन गेली. एक घालायची, घर्रघर्र ऐकत बसायचं, पडद्यानं मागितली की पुढची घालायची. न राहवून फत्तेसिंगही दुकान सोडून मागे येऊन उभे राहिले होते.

चौथी फ्लॉपी चालू असताना तिची आई सगुणाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या, की लाइनमन खांबाला शिडी लावतायत, पाच मिनिटांत वीज काढणार, तीनपर्यंत येणार नाही.

संयोगिताचा चेहरा उतरला. जुनं निम्मं पुसलंय, नवं निम्मंच आलंय, आत्ता बंद पडलं तर यातलं काहीच उघडणार नाही, असं ती सांगत होती, पण फत्तेसिंगांचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. ते जमिनीवर बसून लॅपटॉपच्या अडॅप्टरवरचे बारीक आकडे चष्मा वर करून वाचत होते. अठरा व्होल्ट. लॉरीची बॅटरी बाराची. उरले सहा.

"संताजी, तुझ्या मोटरसायकलची बॅटरी काढून आण. लगेच."

संताजी हा त्यांच्या दुकानातला जुना माणूस, मालकाहून दोन वर्षांनी मोठा. आपली गाडी कशी सुरू करायची, असं तो विचारणार होता, पण मालकाचा सूर ओळखून निमूट गेला. लॉरीची बॅटरी दुकानातून आली, तिच्याशेजारी मोटरसायकलची आली, दोन्ही एकामागे एक जोडल्या. मीटरनं अठराच्या थोडं वर दाखवलं. आता खरी गोम अशी, की अडॅप्टर काढून बॅटरी लावायची तर मधल्या निमिषात यंत्र मरणार. फत्तेसिंगांनी ब्लेड घेतलं आणि अडॅप्टरपासून लॅपटॉपकडे जाणाऱ्या चालू वायरीचं वरचं साल दोन ठिकाणी असं अलगद सोललं, की आतल्या तांब्याला ओरखडाही आला नाही. त्या उघड्या तारांना त्यांनी चिमटे लावले, अधिकला अधिक, उण्याला उणं, आणि लेकीला भिंतीतला प्लग काढायला सांगितलं.

तिचा हात प्लगवर अडखळला. "अण्णा, नक्की?"

"काढ म्हणतो की."

तिनं काढला. पडदा तसाच उजळ होता. फ्लॉपी घरघरत होती. मिनिटाभरानं वरचा पंखा मंदावत थांबला, सगुणाबाईंचा मिक्सर मुका झाला, शेजारचा रेडिओ गप्प झाला आणि सगळ्या गल्लीत एकटा तो लॅपटॉप पाचवी फ्लॉपी मागत राहिला. फत्तेसिंगांना इतका आनंद झाला, की त्यांनी लेकीच्या पाठीत धपाटा घातला.

पण घड्याळ कुणासाठी थांबतं? साडेनऊ वाजले तरी सहावीच चालली होती आणि होसकोटे काही जवळ नव्हतं. मग त्यांनी तो सगळा संसार उचलून दुकानाच्या टेम्पोत ठेवला. खाली पोती, पोत्यांवर दोन बॅटऱ्या, बॅटऱ्यांशेजारी संयोगिता मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप. फत्तेसिंगांनी दोन्ही चिमटे बोटांनी दाबून धरले, कारण खड्ड्यात एक जरी निसटला असता तर खेळ खलास. संताजीनं गाडी सोडली.

रस्ता कसला, नुसती चाळण. धक्का बसला की फ्लॉपी वाचता येत नाही म्हणून पडदा तक्रार करी, संयोगिता पुन्हा प्रयत्न कर म्हणून बटण दाबी आणि फत्तेसिंग पुढं ओरडून "स्वल्प हळू" सांगत. संताजी हळू करी, की मागचे बसवाले हॉर्नवर हात ठेवत. आठवी फ्लॉपी चारदा अडली. पहिल्यांदाच संयोगिताच्या तोंडून निघालं, की जाऊ दे अण्णा, परत फिरू या. बापानं ते ऐकलंच नाही असं केलं. परत फिरण्यातच आपला फायदा आहे, हे त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

केआरपुरमला रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. सगळा रस्ता कपाळाला हात लावून बसला, फक्त एका टेम्पोत आनंदीआनंद झाला. गाडी उभी, धक्का नाही, खड्डा नाही. आठवी सरली, नववी सरली. मालगाडी आली, ती इतकी लांब की शेजारच्या रिक्षावाल्यानं तिला चार शिव्या हासडल्या, आणि फत्तेसिंग मनातल्या मनात अजून डबे लाव रे बाबा म्हणत राहिले. फाटक वर गेलं तेव्हा अकरावी चालू होती. तेरावी त्यांनी होसकोट्याच्या तलावाजवळ झाडाखाली गाडी थांबवून संपवली. पडदा काळा झाला. संयोगितानं वडिलांचा दंड घट्ट धरला. दोघंही बघत असताना त्या काळोखातून निळं आभाळ आणि पांढरे ढग वर आले, आणि ती हसता हसता रडायला लागली.

कारखान्यापाशी पोचले तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती आणि नवं विंडोज अजून आपलं सामान लावतच होतं. बंद करायची सोय नव्हती. मग पुढं लॅपटॉप छातीशी धरलेली संयोगिता, मागं एका हातानं चिमटे दाबून दुसऱ्यानं बॅटऱ्यांची फळी उचललेले फत्तेसिंग नि फळीचं दुसरं टोक धरलेला संताजी, मध्ये हातभर वायर, अशी ती वरात पावलाला पाऊल जुळवत कारखान्यात शिरली. लग्नाची गाठ मारलेली जोडपीही इतकी सांभाळून चालत नाहीत. कामगार यंत्रं सोडून बघायला आले.

हयवदन राव टेबलामागून उठून उभेच राहिले. त्यांनी बोटानं भिंतीतला प्लग दाखवला. फत्तेसिंगांनी आधी अडॅप्टर तिथं लावला, मग चिमटे सोडले, आणि दीड तासात पहिल्यांदा बोटं सरळ केली. बोटं वाकडीच राहत होती.

संयोगितानं आपला प्रोग्रॅम चढवला. तो उघडला. पाऊण तास ती कानडीत घडाघडा बोलत होती, राव खोदून खोदून विचारत होते, ती एकाही प्रश्नाला अडली नाही. फत्तेसिंग दाराशी उभे राहून ऐकत होते. घरात भाजीला काय करू विचारलं तर खांदे उडवणारी मुलगी ती हीच का, असं त्यांना वाटून गेलं. त्यांचा ऊर भरून आला आणि थोडी लाजही वाटली, की इतके दिवस आपण हिच्यासाठी काउंटरमागची खुर्ची शोधत होतो.

शेवटी राव मागं टेकून बसले. प्रोग्रॅम मला पसंत आहे, ते म्हणाले. पण मागं एकानं असाच बसवून दिला, सहा महिन्यांत अमेरिकेला गेला, आणि आम्ही वाऱ्यावर. तुम्ही तर एकट्याच. उद्या दुसरी नोकरी मिळाली, लग्न झालं, मग मी कुणाला शोधू?

मी इथंच असेन, असं संयोगिता म्हणाली. पण रावांची नजर तिच्यावरून दाराकडे गेली होती.

"वडील तुम्हीच ना? तुम्ही सांगा."

संयोगितानं मान वळवली नाही. ती पडद्याकडे बघत होती, पण तिचे खांदे आखडलेले बापाला दिसले. तिला माहीत होतं, अण्णांना काय हवंय. अण्णांनाही माहीत होतं. ते खोटं बोलणारे नव्हते, हेही दोघांना ठाऊक होतं.

"सोमवारी," फत्तेसिंग म्हणाले आणि चष्मा नीट करायला थांबले.

संयोगितानं डोळे मिटले.

"सोमवारी आठला ती इथं येते. त्याच्या पुढच्या सोमवारी पण. तुमच्या लॉऱ्या रस्त्यावर आहेत तोवर ती हेच काम करणार, साहेब. वीज नसली तर मला सांगून पाठवा, मी बॅटरी घेऊन येतो."

राव हसले आणि त्यांनी टेबलाच्या खणातून कागद काढला. संयोगिता मात्र हसली नाही. ती उठून दाराशी आली आणि वडिलांची ती वाकडी झालेली बोटं हातात घेऊन, भर ऑफिसात, एकेक करून सरळ करत राहिली.