निवट्यांची निळी पेटी

मी बर्फाची पेटी बोलतेय. निळी, पांढऱ्या झाकणाची. बोरीवलीच्या राजाध्यक्षांकडे मी आले ती सहलीसाठी. श्यामकांतरावांनी हौसेने घेतलं होतं मला. एकच रविवार माझ्यात सरबताच्या बाटल्या बसल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या बायकोने, शुभाताईंनी, मला मानखुर्दच्या खाडीवर नेलं आणि निवट्या भरून आणल्या. त्यानंतर माझ्यातलं सरबत प्यायला त्या घरात कोणी धजावलं नाही.

शुभाताई अंधेरीच्या एका कॉलेजात संशोधन करायच्या. जनुकांवरून सजीवांचा मागच्या लाखो वर्षांचा इतिहास शोधायचा, हा त्यांचा विषय. निवटी म्हणजे चिखलातला बोटभर मासा. ओहोटीला पाण्याबाहेर येतो, परांवर सरपटतो, चक्क उन्हात बसतो. मासा असून हा जमिनीवर जगतो कसा, हा एकच प्रश्न त्यांनी वीस वर्षं धरून ठेवला.

निवट्या द्यायच्या मथुराबाई कोळी. कोपरापर्यंत हात चिखलात घालून बिळातून अलगद काढायच्या.

“खानार नाय, तं नेतेस कशाला गो बाय?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“वाचायला,” शुभाताई म्हणाल्या.

मथुराबाई इतक्या हसल्या की हातातली निवटी सुटून गेली.

पाच वर्षांनी लेख छापून आला. हवेत तग धरायला लागणाऱ्या एका जनुकाच्या या माशात तीन प्रती आहेत, असं त्यात होतं. पण संशोधकांच्या जगात लेख छापून भागत नाही. इतर किती जणांनी आपल्या लेखात त्याचा उल्लेख केला, ते मोजतात. त्याला सायटेशन म्हणतात. तीन वर्षांत शुभाताईंची झाली नऊ, त्यातली चार त्यांची स्वतःचीच. बढतीच्या मुलाखतीत कोणीतरी तो आकडा मोठ्याने वाचून दाखवला. त्या दिवशी परत येऊन त्यांनी मला दोनदा घासलं. मी स्वच्छच होते.

मग अचानक आकडा चढायला लागला. त्यांचा विद्यार्थी शौनक धावत आला. “मॅडम, एकशे बारा झाली.”

“त्यातल्या ऐंशी जणांनी आपण चुकलोय असं लिहिलंय रे.”

परदेशातल्या एका गटाला त्याच नावाच्या निवटीत एकच प्रत सापडली होती. शुभाताईंनी त्या गटाच्या माशाचा फोटो मोठा करून घेतला आणि मला उचलून खाडीवर आल्या.

मथुराबाईंनी फोटो उन्हात धरला. “ही ती नाय. ही खालच्या चिखलातली, पानी सोडत नाय. तू नेतेस ती वरची.”

“दोन वेगळ्या आहेत? मग आधी का नाही सांगितलंत?”

“तू कवा इचारलंस?”

त्या दिवशी माझ्यात मधोमध पत्रा घातला. एका बाजूला वरच्या, दुसऱ्या बाजूला खालच्या. तपासणीत निघालं ते असं: वरचीत तीन प्रती, खालचीत एक. जनुकं बरोबर वाचली होती. नाव चुकलं होतं: वरचीला खालचीचं नाव शुभाताईंनीच दिलं होतं.

“गप्प बसलो तर आकडा वाढतच राहील ना,” शौनक म्हणाला. “आपणच चूक सांगितली तर वाट लागेल मॅडम.”

“नाही सांगितली तर चूकच खरी होऊन बसेल.”

त्यांनी दोन पानी दुरुस्ती लिहिली. लेखक म्हणून नावं घातली राजाध्यक्ष, कोळी आणि शौनक. शौनकने पेन घेऊन आपलं नाव खोडलं. मग म्हणाला, “तीन नावं झाली की लोक पहिलं लिहून पुढे ‘आणि इतर’ करतात, मथुराबाईंचं नाव गळेल. मी फक्त फोटो काढले. मला आभारात टाका.”

आज त्या दोन पानांची सायटेशन्स सहाशेच्या वर आहेत, मूळ लेखाच्या दुप्पट. ती छापून आली तेव्हाच शुभाताईंनी मथुराबाईंना घरी जाऊन त्यांचं नाव छापल्याचं सांगितलं होतं.

“म्हंजे काय व्हतं?”

“जगात कुठेही कोणी या निवटीवर लिहिलं, की तुमचं नाव लिहावं लागतं.”

मथुराबाईंनी जरा विचार केला. “मंग नीट लिवा म्हनाव.”

मथुराबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. शुभाताई निवृत्त झाल्या. माझी एक बिजागरी तुटली, आता मी गॅलरीत असते, माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवतात. नवा लेख आला की शुभाताई माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसतात. आकडा बघत नाहीत. शेवटच्या पानावरच्या यादीत बोट फिरवत जातात, एका ओळीवर थांबतात आणि ‘कोळी’ची अक्षरं एकेक करून तपासतात.

तुमच्यापैकी कोणी कधी निवटीवर लिहिलंत, तर तेवढं नाव जपून लिहा. बाकी माझं काही मागणं नाही.